कोरड्या कुंड्यांची वजनं

तिने सतरा नंबरची कुंडी उचलून टाकायच्या क्रेटमध्ये ठेवली आणि अठराव्या कुंडीला हात घातला.

"अहो होणाऱ्या डॉक्टरीणबाई, हे काय चाललंय?"

दारात काका उभे होते. हरितगृहाची निगा राखणारे काका इथे तिच्या गाईडपेक्षाही जुने. त्यांच्या तोंडी सहसा कुणी लागत नसे.

"टाकतेय. ही सगळी रांग."

"अगं, हिच्याच जिवावर तुझ्या गाईड मॅडम आठवडाभर हवेत तरंगताहेत!"

खरंच होतं ते. पाणी तोडल्यावर बाकीच्या गव्हांनी माना टाकल्या, आणि या रांगेतलं वाण मात्र हिरवंगार उभं राहिलं. दोन वर्षांच्या पीएचडीत पहिल्यांदाच काही हाती लागलं होतं. दुपारी ते समितीपुढे मांडायचं होतं.

तिने हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"काका, बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथेच होते. हातात पाणी चालू असलेल्या रांगेसाठी भरलेली झारी होती. फोन ठेवला तेव्हा ती रिकामी होती. मधलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. ते पाणी मी या कुंड्यांना पाजलं असेल, तर हा हिरवेपणा खोटा आहे. रोज वजन झालं असतं तर कुंड्या जड झालेल्या लगेच कळल्या असत्या. पण मी घरी गेले ते बारा दिवस वजनंच झाली नाहीत."

काकांनी क्रेटमधून कुंडी काढली आणि परत जागेवर ठेवली.

"पाणी तू पाजलंस," ते म्हणाले. "फरशीला."

"काय?"

"इथे उभी होतीस, दोन रांगांच्या मध्ये. फोन कानाला, झारी तिरकी. अख्खी ओतलीस. मी हाक मारली, तर मलाच म्हणालीस, 'थांबा, अजून पुरलं नाही.'"

तिने वाकून फरशीकडे पाहिलं.

"कुंड्यांना खालून भोकं. ओल वर चढली असती तर तुझी दोन वर्षं पाण्यात. म्हणून आधी फरशी कोरडी केली, आणि लगेच सगळ्या कुंड्या काट्यावर घेतल्या. मग म्हटलं, रोजच घेऊ."

कोपऱ्यातल्या फळीवरून त्यांनी बियाण्याचं एक रिकामं पाकीट काढून दिलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक आकडे होते, बारा दिवसांचे. रोज थोडे थोडे उतरत गेलेले. एकही आकडा चढलेला नव्हता.

"मला दिले का नाहीत हे?"

"दिले असते, तर का घेतले म्हणून विचारलं असतंस. मग काय सांगणार होतो, पोरी? आठवत नाही तेच बरं, असं वाटलं."

ती बाजूच्या रिकाम्या, उलट्या क्रेटवर बसली. आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली.

"समितीला काय सांगशील?"

"सगळं. झारीसकट."

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. रोजच लावायची, दोघी एकमेकींना 'मी बरी आहे' एवढंच सांगायच्या.

"आई, बाबा गेले त्या सकाळी मी काय केलं माहितीये?"

तिने सगळं सांगितलं.

"मी गॅसवर रिकामा कुकर चढवला होता," आई हळूच म्हणाली. "शिट्टीची वाट बघत बसले. काळा ठिक्कर पडला गं. तुझ्या मावशीला दिसू नये म्हणून माळ्यावर लपवलाय."

"आई!"

"हसतेस काय?" म्हणता म्हणता आईलाच हसू फुटलं आणि ते आवरेना. मग आई म्हणाली, "यांना कळलं असतं, तर किती दिवस चिडवलं असतं आपल्याला."

"वर्षभर तरी," ती म्हणाली, आणि भिंतीच्या सावलीत फतकल मारून बसली. समितीला अजून तासभर अवकाश होता.