मुंजाजी मला चालवायला शिकले

मित्रांनो, माझ्या टाकीवरचा लाल रंग जागोजागी उडाला आहे आणि माझी सीट दोनदा शिवून झाली आहे. मी चुडाव्याजवळच्या एका वस्तीवरची जुनी मोटारसायकल. कारखान्यात मला बनवले, पण मला घर दिले ते दैवशालाबाईंनी.

रोज सकाळी त्या मला दुधाच्या कॅन अडकवून चुडाव्याला नेत. त्यांचे पती मुंजाजी बैलांमागे वाढलेला माणूस. यंत्राला हात लावायला ते घाबरत. बाजाराला जाताना ते मागे बसत. रस्त्यातली माणसे हसत, "काय मुंजाभाऊ, मालकीण फुडं अन् तुमी मागं?"

दैवशालाबाई गाडी न थांबवता म्हणत, "माल मागंच ठेवतेत की!"

सगळ्यांत मोठ्याने मुंजाजीच हसत.

दैवशालाबाईंनी मला फार जपले. त्या चेनला तेल देत, प्लग काढून पुसत, खड्डा आला की वेग कमी करत. इतकी वर्षे मी धावले ती त्यांच्या या सवयींमुळे.

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या आणि गेल्या. मला गोठ्यात लावले. सीटवर कोंबड्या बसू लागल्या, चेन गंजली. मुंजाजी माझ्याकडे बघतसुद्धा नसत. मग त्यांच्या मुलीने, भक्तीने, मला बाहेर काढून धुतले आणि ती दूध पोचते करू लागली. पण थोड्याच दिवसांत तिला परभणीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

मुंजाजी म्हणाले, "तू गेल्यावर दूध कोण नेणार? म्हशी इकू. ही गाडीबी इकू."

"आईच्या म्हशी इकायच्या न्हाईत," भक्ती म्हणाली. "तुमी गाडी शिका."

"ह्या वयात?"

"मग कोणत्या?"

मोकळ्या रानात शिकवणी सुरू झाली. भक्ती एकेका भागावर हात ठेवून सांगे, "टाकीतून पेट्रोल येतंय, त्यात हवा मिसळती. प्लगची ठिणगी पडली की ते पेटतंय अन् इंजन फिरतंय. चेन मागच्या चाकाला फिरवती. हा डाव्या हाताचा क्लच. दाबला की इंजन अन् चाक येगळं होतंय, हळू सोडला की परत जुळतंय."

मुंजाजी मान हलवत. पण पहिल्यांदाच मी धावू लागले तशी समोर कडब्याची गंज आली. त्यांनी बैलाचा कासरा ओढावा तसे हँडल मागे ओढले आणि ओरडले, "हो! हो!" उजवी मूठ पिळली गेली. मी आणखी जोरात सुटले आणि आम्ही दोघे कडब्यात शिरलो.

भक्ती धावत आली. लागले नाही हे बघून हसतच सुटली. "बाबा, हा बैल न्हाई! मूठ ओढली की पळती. थांबायचं तर मूठ सोडा अन् ब्रेक दाबा."

मुंजाजी कडबा झटकत म्हणाले, "तुला हे समदं कुणी शिकवलं?"

"आईनं."

"मला कामून न्हाई शिकवलं तिनं?"

"तुमी कवा इचारलं?"

 मुंजाजी उठले आणि त्यांनी मला कडब्यातून ओढून काढले. त्या दिवसापासून त्यांनी शिकवणीची एकही सकाळ चुकवली नाही.

भक्ती निघाली त्या दिवशी मुंजाजींनीच तिला चुडाव्याच्या स्टेशनवर आणले. ती मागे बसली होती. तिची आगगाडी परभणीकडे निघून गेली. ते माझ्याजवळ आले, किक मारली, क्लच सोडला आणि मी बंद पडले. त्यांनी पुन्हा किक मारली. या वेळी क्लच इतका हळू सोडला, की मी धक्का न खाता निघाले. मागची सीट रिकामी होती, तरी मागे कुणी बसणार असल्यासारखे ते पुढे सरकूनच बसले होते. म्हशींच्या धारेच्या वेळेला आम्ही घरी पोचलो.

मित्रांनो, मी दोन्ही प्रकारच्या हातांची ऋणी आहे. ज्यांनी मला जपले त्यांची, आणि जे उशिरा का होईना शिकले त्यांचीही. दारातल्या जुन्या गाडीच्या चेनला तेल द्या. आणि घरातले एखादे काम एकच माणूस करत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. ते काम कसे करतात, ते त्याच्याच तोंडून ऐका. त्यालाही बरे वाटेल.