टेबलावर सुटी झालेली रायफल

मी एक जुनी, नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेली रायफल आहे. म्हणजे, काल संध्याकाळपर्यंत होते. आत्ता मी जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर सुटी होऊन पडले आहे. नळी एकीकडे, लाकडी दस्ता दुसरीकडे, आणि माझे स्क्रू चहाच्या बशीत! मित्रांनो, या अवस्थेत कोणाशी बोलायला मला लाज वाटते, पण आता गप्प बसवत नाही.

कारखान्यात एका वयस्कर कारागिराने माझी नळी उजेडासमोर धरून कितीदा तरी पाहिली आणि मगच ती सरळ असल्याचे कबूल केले. मी कधी कोणाचा जीव घेतला नाही. समोरच्या कागदावरच्या काळ्या ठिपक्याला भोक पाडायचे, एवढेच माझे काम. माझ्या मालकांना त्यांचा मेहुणा दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणते. त्यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. स्वतःच्या नजरेचा त्यांना भारी अभिमान. आम्ही दोघांनी मिळून कप जिंकले, पण कौतुक व्हायचे ते त्यांच्या नजरेचे. माझे नाव कोणी घेत नसे. तेही मी चालवून घेतले.

गेल्या वर्षी गोळ्या डावीकडे जाऊ लागल्या आणि तेव्हा मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली.

दाजींनी मेहुण्याला मला चालवून बघायला सांगितले. त्याच्या साऱ्या गोळ्या ठिपक्याच्या मधोमध लागल्या. मला वाटले, सुटले बाई! पण त्या भल्या माणसाने दाजींच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, कागद चुरगळून टाकला आणि म्हणाला, "दाजी, हिचा ट्रिगर फार जड आहे हो. ओढताना नळी हलते."

झाले! दाजींनी कुठूनसा जुना सेट ट्रिगर आणला. त्यात दोन ट्रिगर असतात. मागचा ओढून ठेवला की पुढच्याला नुसता स्पर्श पुरतो. तो माझ्यात बसेना, म्हणून दाजींनी पटाशीने माझा दस्ता कोरला. इतकी वर्षे तेल लावून जपलेले लाकूड! तरीही गोळ्या डावीकडेच. मेहुण्याने पुन्हा ट्रिगरलाच दोष दिला. "आता फारच हलका झाला बघा."

म्हणून काल दाजींनी मला रिकामी असल्याची खात्री करून उघडले. गोळीवर आपटणाऱ्या पिनेला अडवून धरणारा एक बारीक दात माझ्यात असतो. तो कानसून काढला की ट्रिगर पुन्हा नीट होईल, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. तो दात झिजला की मी भरताक्षणी आपोआप उडू शकते. मग मला कोणी हातात धरणार नाही, आणि धरूही नये. माझी सरळ नळी मोडीत जाणार होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. संतापाने माझा जीव नुसता कासावीस झाला.

कानस हातात घेण्याआधी दाजी ट्रिगरची बारीक स्प्रिंग शोधू लागले. "उडाली कुठेतरी! या मेल्या ट्रिगरने वैताग आणलाय." त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिले, खुर्च्या सरकवल्या. स्प्रिंग त्यांच्या समोर चादरीवर पडली होती.

ताईंनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, ती उचलली. क्षणभर दाजींकडे पाहिले आणि मग शेजारी बसलेल्या भावाकडे, म्हणजे मेहुण्याकडे वळल्या.

"तू गोळ्या मारल्या होत्यास ना हिने? कुठे लागल्या?"

"ताई, तसं काही..."

"कुठे लागल्या, सांग."

"मधोमध," मेहुणा पुटपुटला. "सगळ्या."

दाजी खुर्चीत बसले. "मग जड आहे म्हणालास ते?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, दाजी."

"अरे, मी कोरलं ना हिला! आत्ता दातही काढला असता!" त्यांचा आवाज चिरकला. मग ते हळूच म्हणाले, "ठिपका धुरकट दिसतो मला. वाटलं, उजेड कमी असेल."

"अहो, उद्याच डोळे दाखवून येऊ," ताई म्हणाल्या आणि कानस उचलून घेऊन गेल्या.

मेहुणा डोळे पुसत उठला. दाराशी थांबून म्हणाला, "तसा दाजी, ट्रिगर थोडा जड होताच हं."

अजूनही! दाजी मात्र खो-खो हसले. मला हसू आले नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाचे मन जरूर राखा. पण त्यासाठी आमच्या माथी खापर फोडू नका. वस्तू उघडण्याआधी एकमेकांशी खरे बोला, कारण आम्हाला तोंड नसते. दाजींचे डोळे बरे होतील, आणि ते व्हावेत असे मलाही मनापासून वाटते. माझ्या दस्त्यात कोरलेले भोक मात्र कोणत्याही डॉक्टरला बुजवता येणार नाही.