ईश्वर शिवशरण यांची न मरण्याची सभा

माझ्या वडिलांचं नाव ईश्वर, आडनाव शिवशरण, आणि त्यांचा या दोघांपैकी कशावरच विश्वास नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर ते अंधश्रद्धेच्या मागे लागले. लोकांचे वडील सकाळी फिरायला जातात. पप्पा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या भवानी पेठेतून फिरून चौकाचौकात उतरवून टाकलेले नारळ गोळा करून आणायचे, आणि आई त्यांची चटणी करायची. आम्हाला कुणाला काही झालं नाही. फक्त माझ्या बहिणीला, धम्मप्रियाला, आता इडली आवडत नाही.

तर या पप्पांनी एका रविवारी आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात भाषण ठेवलं आणि प्रात्यक्षिकासाठी शिवप्पाला आणलं. शिवप्पा अक्कलकोटकडचा. मुख्य धंदा शेळ्यांचा, जोडधंदा कवड्या टाकून भविष्य सांगण्याचा. पप्पा त्याला रिक्षानं घेऊन आले, चहा पाजला, स्टेजवर बसवला आणि माईक तोंडापुढं धरला.

"माझं मरण कधी आहे ते सांग."

"नको की साहेब," शिवप्पा म्हणाला. "मी हरवलेल्या शेळ्यांचं बघतो. शेळी कुटं हाय, एवढंच."

"शेळीचं कळतं तर माणसाचं कळलंच पाहिजे."

"शेळी कुटं जाऊन जाऊन कुटं जाणार साहेब. कुणाच्या तरी कडब्यातच असती."

लोक हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी माईक तसाच धरून ठेवला. शेवटी शिवप्पानं कवड्या टाकल्या, त्यांच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं आणि म्हणाला, "येत्या अमावास्येला. दिवस मावळायच्या आत."

नंतर त्यानं मला सांगितलं की त्याची गावाकडची शेवटची गाडी चुकत होती, आणि अमावास्या तोंडात आली कारण तिच्या दुसऱ्या दिवशीचा शेळ्यांचा बाजार डोक्यात होता.

पप्पांना मात्र इतका आनंद झालेला मी माझ्या पगाराच्या दिवशीही पाहिला नव्हता. "सापडला," ते म्हणाले. "आयुष्यभर इंजिनं उघडली. इंजिन कधी बंद पडणार हे इंजिनालाही माहीत नसतं." त्यांनी तिथंच जाहीर केलं की अमावास्येला इथंच सभा होईल, दिवस मावळला की ते जिवंतपणी भाषण करतील, आणि शिवप्पानं त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं. "पुरावा समोर पाहिजे. नंतर म्हणशील, मी तिथं नव्हतो."

टाळ्या थांबल्यावर मडिवाळप्पा उठला. आमच्या कोपऱ्यावर त्याचं इस्त्रीचं दुकान आहे आणि सगळ्या गल्लीच्या शर्टांना घडी घालून घालून त्याला वाईट शंका काढायची सवय लागलीय.

"काका, पण तुमी त्या दिवशी सहज गेलात तर? म्हंजे आपलं नॉर्मल. वयानं."

पप्पांनी माईक खाली घेतला. त्यांना बीपी आहे, शुगर आहे. या वयाच्या माणसाला कुठल्याही दिवशी मरायची मोकळीक असते. त्यांनी त्यातला एक दिवस भर सभेत स्वतःच काढून घेतला होता. त्या दिवशी गेले असते तर अख्ख्या पेठेनं शिवप्पाला देव केला असता आणि खाल्लेली सगळी चटणी वाया गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून पप्पा चळवळीसाठी जगू लागले. आधी स्कूटर बंद केली, कारण सात रस्ता चौकात कोण कुठून येईल सांगता येत नाही. मग चालणं बंद केलं, कारण चालायलाही सात रस्ताच लागतो. पंख्याखालची कॉट भिंतीकडं सरकवली. गॅसची नळी बदलली. गच्चीवर कपडे काढायला जाताना हेल्मेट घालू लागले. मी त्यांना ईसीजी काढायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय. पप्पा म्हणाले, "काही नाही. अमावास्येपर्यंत टिकायचंय." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"पप्पा," मी रिक्षात म्हणालो, "हे विश्वास असल्यासारखं दिसतंय."

"विश्वास असलेला माणूस नवस करतो," ते म्हणाले. "मी ईसीजी केला. फरक आहे."

आईनं त्यांची भाकरी, शेंगदाणे, लोणचं बंद केलं आणि पेज सुरू केली. ते गुपचूप प्यायले. "लग्न झाल्यापासून सांगतेय, मीठ कमी खावा," आई म्हणाली. "ह्या शिवप्पाला आधीच बोलवायला पाहिजे होतं."

सभेचा फ्लेक्स करायला मी टाकला. दुकानदाराला मजकूर वाचायची सवय नव्हती. त्यानं फोटो पाहिला, वय पाहिलं, 'मृत्यू' हा शब्द पाहिला आणि नेहमीची डिझाईन लावली. दोन्ही बाजूंना समया, वर ढग, ढगात पप्पा. खाली 'न मरण्यानिमित्त जाहीर सभा' हे इतकं बारीक होतं की तिथंपर्यंत कुणी पोचलंच नाही. फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर फिरला आणि संध्याकाळी मोहोळहून आत्या रडत आली. दार पप्पांनीच उघडलं. आत्यानं त्यांना पाहिलं, पाणी प्यायली आणि परत रडू लागली.

"अगं, मी आहे की."

"व्हय, दिसतंय," आत्या म्हणाली. "पण एवढ्या लांबनं आलेय. थोडं रडू दे."

शिवप्पाची अवस्था वाईट होती. तो एक दिवसाआड शेळीचं दूध घेऊन आमच्या दारात उभा राही. "साहेब, तब्येत कशी हाय? तुमी गेलात तर मला आत टाकतील म्हणं. जादूटोण्याचा कायदा हाय म्हणं."

पप्पांना हे फार आवडलं. "याला कायदा माहितीये," ते मला म्हणाले. "प्रबोधन झालंय."

अमावास्येला मी चिंचोळीच्या कंपनीतून सुट्टी घेतली. साहेबानं कारण विचारलं. मी म्हणालो, वडील जाणार नाहीत. तो म्हणाला, मग सुट्टी कशाला. तरी दिली.

समाजमंदिर सकाळीच भरलं. माणूस मरताना बघायला लोक येतात, न मरताना बघायलाही येतात, हे त्या दिवशी कळलं. स्टेजवर दोन खुर्च्या. एकीवर पप्पा, दुसरीवर शिवप्पा. शिवप्पा त्यांना टॉवेलनं वारा घालत होता, गोळीची वेळ झाली की गोळी देत होता, उठू लागले की हाताला धरत होता. दोघांत जास्त भ्यालेला कोण, हे लांबून ओळखता येत नव्हतं.

ऊन उतरलं. आईनं पेजेचा वाडगा आणला. पप्पांनी दोन घोट घेतले आणि मागून मडिवाळप्पाचा आवाज आला.

"काका, राग मानू नका. पण एवढं जपून बसलाय म्हंजे तुमचा बी विश्वास बसला की."

"मी जपत नाही."

"मग ती पेज?"

सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेली धम्मप्रियासुद्धा. पप्पांचे कान लाल झाले. त्यांनी वाडगा खाली ठेवला.

"मीना, कडक भाकरी आण. आणि शेंगाचटणी."

"दातं कुटं हायत तुमची?" आई म्हणाली.

"आण म्हणतो ना."

सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि मोडलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र विचारांचा असतो. पप्पांनी मोठा तुकडा मोडला, वर चटणी घेतली, तोंडात टाकला आणि माईक ओढला. "बघा," ते म्हणाले, "हा मी सगळ्यांच्या समोर..." आणि थांबले. आधी वाटलं, परिणामासाठी थांबले असतील. मग त्यांचा चेहरा जांभळा पडू लागला.

सभागृहातल्या सगळ्यांनी आधी घड्याळाकडं पाहिलं. मीही पाहिलं. आई स्टेजकडं धावली, तिच्या मागून मी. आमच्या आधी शिवप्पा उठला होता. शेळीच्या घशात काही अडकलं की करतात तसं त्यानं पप्पांना कमरेत वाकवलं, मान खाली धरली आणि पाठीत असे काही दणके घातले की तुकडा पहिल्या रांगेत जाऊन पडला. पप्पांनी श्वास घेतला. खिडकीबाहेर दिवस मावळला.

आईनं पप्पांचं तोंड पदरानं पुसलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि माईक मागितला. मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांना काहीही बोलता आलं असतं. ठसका लागला म्हणाले असते तरी कुणी वाद घातला नसता. पण आम्हाला लहानपणापासून त्यांनी एकच शिकवलंय, जे घडलं तेच सांगायचं.

"मी आत्ता मरत होतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शिवप्पानं मला वाचवलं. ही वस्तुस्थिती आहे."

त्यानंतर ते आणखी एक वाक्य बोलले. याचा भविष्याशी काहीही संबंध नाही, असं ते वाक्य होतं. पण दुसऱ्या वाक्यालाच टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या हे चौथं संपेपर्यंत थांबल्या नाहीत. बायका शिवप्पाच्या पाया पडत होत्या. मडिवाळप्पा तर तीनदा पडला.

शिवप्पा दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या बाजाराला गेलाच नाही, त्याला जाऊच दिलं नाही. मंडईच्या बाहेर त्याच्यापुढं रांग लागली. पप्पा सकाळीच तिथं गेले.

"एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "दुसरी तारीख सांग. आणि या वेळी तू गावाकडं थांब."

"न्हाय साहेब," शिवप्पा नम्रपणे म्हणाला. "आता तारीख सांगत न्हाय. लोकं म्हणत्यात, पुढं ढकल. मी नुसतं ढकलतो."

तेव्हापासून पप्पा दर अमावास्येला तिथं जातात, नवी तारीख मागायला. मध्ये घुसणं त्यांना पटत नाही, म्हणून रांगेत उभे राहतात. मी एकदा सांगून पाहिलं, पप्पा, ईश्वर शिवशरण शिवप्पाच्या रांगेत उभे आहेत, लोक काय समजतील.

"मी शास्त्रीय कारणासाठी उभा आहे," ते म्हणाले.

पुढचा माणूस वळला. त्यानं पप्पांना ओळखलं, हात जोडले आणि बाजूला सरकला. "काका, तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "तुमचं महिन्याच्या महिन्याला असतं."