हिरड्यांचा निष्कर्ष

दात नसलेल्या माणसाला दात दिले तर तो नीट चावतो का, असा गहन प्रश्न शहरातल्या एका डेंटल कॉलेजला पडला आणि त्याचं उत्तर शोधायला डॉक्टर मृण्मयी घोटावडे गावात आल्या. मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या बोळक्या धुळाजीला विचारलं असतं, तर त्याने उत्तर फुकटात दिलं असतं. पण फुकटातल्या उत्तराला संशोधन म्हणत नाहीत.

गावातल्या बोळक्या म्हाताऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या. धुळाजीला कवळी निघाली. त्याच्या बायकोला, भागूबाईला, काहीच नाही. ती 'तुलनेच्या गटात' गेली.

"सहा महिन्यांनी चावण्याची परीक्षा घेऊ. कवळीचा उपयोग होतो हे सिद्ध झालं की तुम्हालाही मिळेल हं, आजी," मृण्मयी म्हणाल्या.

भागूबाईने तोंडावरचा पदर न सोडता मान डोलावली. दात गेल्यापासून ती पदराआडच हसायची. नात करिष्माच्या लग्नात तरी उघड्या तोंडाने हसावं, एवढीच तिची हौस होती.

धुळाजीने नवे दात लग्नाच्या फेट्यासारखे जपले, म्हणजे वापरलेच नाहीत. पौडला तहसीलदार कचेरीत जाताना तो ते घालायचा. जेवायला बसला की काढून डबीत ठेवायचा.

"अवं, खाताना तरी घाला की."

"झिजत्याल."

"माजं दात तुमच्या दातांवर अडल्यात, कळतंय का?"

"परीक्षेला घालतो की. तू कशाला काळजी करती?"

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. भाजलेले शेंगदाणे चावून चाळणीत थुंकायचे. जितका भुगा खाली पडेल, तितकं चावणं चांगलं. धुळाजी ऐटीत दात घालून बसला. सवय नसल्याने खालची कवळी तोंडभर फिरली आणि शेंगदाणे जवळजवळ अख्खेच बाहेर आले. लोक हसले.

"हसताय काय? आता हिचं बघा," तो चिडून म्हणाला. "हिला तर तेबी जमायचं न्हाई."

खरं तर दात मिळवायचे तर भागूबाईने शेंगदाणे नुसते घोळवून थुंकायला हवे होते. पण नवरा चारचौघांत असं बोलल्यावर शहाणपण कुठलं सुचायला? तिने हिरड्यांनी असा भुगा पाडला की चाळणीत कणही उरला नाही.

मृण्मयी हरखल्या. गावातल्या बाकीच्या कवळ्याही डबीतच सुखरूप होत्या, त्यामुळे निष्कर्ष भक्कम निघाला: खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कवळीची गरज नाही, हिरड्या पुरतात. दुसऱ्या गटाला दात देण्याचा प्रश्न मिटला. आता हे शहाणपण परदेशातल्या परिषदेत सांगायचं होतं.

"आजी, तुमचा फोटो हवाय. पदर काढा आणि छान हसा. हिरड्या दिसल्या पाहिजेत."

भागूबाईने पदर आणखी घट्ट धरला. धुळाजीने खाली मान घालून डबी तिच्यापुढे केली.

"माजं घाल. फोटोपुरतं."

"राहू द्या," ती पदराआडून म्हणाली. "तुमीच घाला. अन् करिष्माच्या लग्नात माज्या वाटणीचं बी हसून घ्या."