द्रुतगती मार्गावरचं ‘आधी आपण’

मी आरशी बोलतेय. गाडीच्या उजव्या बाजूला, पुढच्या दाराच्या कोपऱ्यात कानासारखी चिकटवलेली आरशी. इराणात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात आणि चालक डावीकडे बसतो, म्हणजे मी शेजारी बसणाऱ्याच्या बाजूची. तेहरानबाहेरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईने मला मऊ फडक्याने पुसलं, माझ्यात बघून स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. मला वाटलं, आता जन्मभर लोक माझ्याकडे बघणार. किती खुळी होते मी.

नुसरत-आगांनी गाडी विकत घेऊन कझवीनला घरी आणली आणि पहिल्याच संध्याकाळी मला आत मिटून टाकलं. म्हणाले, “गल्ली अरुंद आहे, कोणीतरी घासून नेईल.” गल्लीपुरतं समजू शकते मी. पण गल्ली संपायची, शहर संपायचं, गाडी द्रुतगती मार्गाला लागायची, तरी मी मिटलेलीच. माझ्यासमोर दृश्य एकच, शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, ताहेरे-खानुमांचा गाल.

मग उजवीकडून कोण येतंय ते कोण बघायचं? खानुमच. लेन बदलायची वेळ आली की नुसरत-आगा नाक समोर ठेवून विचारायचे, “खानुम, उजवीकडे कोणी?” सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता खानुम म्हणायच्या, “या, रिकामं आहे.” कधी मान वळवून म्हणायच्या, बहुतेकदा न वळवताच. मला तर दरवेळी धडकी भरायची.

नुसरत-आगा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांच्यासारखा अदबशीर माणूस गल्लीत दुसरा नसेल. बेकरीच्या दारात कोणी समोर आलं की हे बाजूला सरकणार, “आधी आपण.” समोरचा म्हणणार, “छे, आपल्याआधी कसं?” आत भट्टीतली रोटी करपली तरी चालेल, पण हे दोघं उंबऱ्यावरच. आमच्याकडे याला तारोफ म्हणतात. आग्रह करायचा, नकार द्यायचा, पुन्हा आग्रह करायचा. पहिल्या आग्रहाला ‘बरं’ म्हणणारा तो अडाणी.

हाच माणूस स्टिअरिंगमागे बसला की अदब घरी ठेवून येतो. ओव्हरटेक करण्यापुरती असलेली डावी लेन हे सरळ अडवून ठेवतात. मागच्याने दिवे मारले तर म्हणतात, “मार, मार, तुझ्या सासऱ्याचा रस्ता आहे.” रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवलेली कडेची पट्टी यांना जादा लेन वाटते. एकदा कराजचा फाटा चुकला, तर भरधाव मार्गावर चक्क रिव्हर्स घेत मागे आले. मागून येणारे जीव मुठीत धरून बाजूला होत होते आणि हे खानुमांना सांगत होते, “लोकांना हल्ली धीरच नाही.”

अनोळखी माणसाला वीतभर जागा द्यायची नाही आणि ओळखीच्यापुढे दार अडवून उभं राहायचं. मी काच आहे. मला जे दिसतं ते मी दाखवते. यातलं शहाणपण मला कधीच दिसलं नाही.

हे बोलून दाखवणारी घरात एकच होती, तरलान. त्यांची मुलगी, कॉलेज संपवलेली, गाडीचा परवाना हातात घेऊन वर्षभर वाट बघणारी. गल्लीत, बाजारात ती गाडी चालवायची. द्रुतगती मार्ग आला की नुसरत-आगा गाडी थांबवून जागा बदलायला लावायचे.

“बाबा, आज तरी मी चालवू?”

“मी जिवंत आहे ना अजून?”

“जिवंत राहावं म्हणूनच विचारतेय.”

“बघा खानुम, शिकवून ठेवलंय.”

तिच्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या दिवशीही हेच झालं. कराजजवळच्या एका बागेत लग्नाचा हॉल होता. निघताना तरलानने मला उघडलं आणि नुसरत-आगांनी गाडीला फेरी मारून पुन्हा मिटलं. खानुम पुढे बसल्या, केस नुकतेच सेट केलेले, त्यामुळे आज मान वळण्याचा प्रश्नच नव्हता. तरलान त्यांच्या मागे, मांडीवर मिठाईचा डबा.

आमच्याकडे नवरीच्या गाडीमागे वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवत, चारही दिवे लुकलुकवत निघतात. त्या एकामागे एक धावत नाहीत. शेजारी शेजारी धावतात, सगळ्या लेन भरून. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून कोणी नाचतं. मागे अडकलेल्या लोकांनी आपला आनंद समजून घ्यावा अशी अपेक्षा असते.

“याला मिरवणूक म्हणत नाहीत, नाकाबंदी म्हणतात,” तरलान म्हणाली.

“शुभ दिवशी कडू बोलू नकोस,” खानुम म्हणाल्या.

हॉलचा फाटा आला. तो पुलाखालच्या वळणानंतर लगेच उजवीकडे आहे. नवरीची गाडी वळली, तिच्यामागे आणखी काही वळल्या. आम्ही सगळ्यात उजव्या लेनमध्ये होतो, आता वळायचं एवढंच. इतक्यात डावीकडच्या लेनमध्ये, अगदी शेजारी, नवऱ्याचे मामा कियानीसाहेब आले. पांढऱ्या केसांचे, वराकडचे सगळ्यात मोठे. त्यांनाही इकडेच वळायचं होतं.

नुसरत-आगांनी ब्रेक दाबला. काच खाली करून हात पुढे केला, “आधी आपण.”

कियानीसाहेबांनीही ब्रेक दाबला. छातीवर हात ठेवून मान तुकवली, “असं कसं? आपण मुलीकडचे. आधी आपण.”

“आपल्यापुढे गाडी काढली तर माझा भाऊ मला घरात घेणार नाही.”

“आणि मी काढली तर माझी बहीण.”

दोन्ही गाड्या उभ्या होत्या. द्रुतगती मार्गावर, चालू लेनमध्ये, वळणाच्या तोंडाशी. दोघांच्या चेहऱ्यावर बेकरीच्या दारातलं तेच हसू.

“बाबा, चला. इथे थांबायचं नसतं.”

“थांब गं जरा. मोठ्या माणसाच्या पुढे जायचं नसतं.”

तरलानने डबा फेकला. ती उठली, खानुमांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर हात काढला आणि मला धाडकन उघडलं.

मी पाहिलं. पुलाखालच्या सावलीतून टोमॅटोचा ट्रक येत होता, आमच्याच लेनमध्ये. माझ्यात तो आधी मुठीएवढा होता, मग एकदम सगळी मीच ट्रक झाले. खानुमांना तो माझ्यात दिसला. तरलान ओरडली. नुसरत-आगांनी हात वर करून कियानीसाहेबांना शेवटचं विनवलं.

आमच्यावर आदळणं ट्रकवाल्याला सोपं होतं. त्याने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. ट्रक कडेच्या पट्टीवर चढला, लोखंडी कठड्याला घासत आमच्या आणि कठड्याच्या मधून गेला, जाताना मला तडा देऊन माझं अर्धं कवच घेऊन गेला आणि फाट्याच्या फलकाच्या खांबावर जाऊन थांबला. नंतर बराच वेळ फक्त टोमॅटो घरंगळत होते.

वऱ्हाडाच्या गाड्या थांबल्या, सगळ्याच्या सगळ्या कडेच्या पट्टीवर. म्हणून रुग्णवाहिका येऊ शकली नाही. सुटातले लोक स्ट्रेचर उचलून पळत होते. ट्रकवाला पाय दबून अडकला होता. यदुल्ला नाव त्याचं. शुद्धीवर होता. त्याने आधी आमच्या गाडीकडे पाहिलं, कोणाला काही झालं नाही ना, ते. मग नुसरत-आगांना विचारलं,

“बंद पडली होती का गाडी तुमची?”

अगदी साधेपणाने विचारलं. भर रस्त्यात उभं राहायला याहून वेगळं कारण असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. नुसरत-आगा बुटांकडे बघत राहिले. कियानीसाहेब टाय सैल करत राहिले. मग त्याला नेलं.

पोलीस आला. “कोण थांबलं होतं?”

“चूक माझी,” कियानीसाहेब म्हणाले.

“छे छे, चूक माझी,” नुसरत-आगा म्हणाले.

“आपली कशी? मीच वाट अडवली.”

“माझ्या डोक्यावर घाला, आपल्याला बोल लागता कामा नये.”

माझा तडा त्या क्षणी आणखी लांबला असं मला वाटलं. तिकडे एका माणसाचा पाय जातोय आणि इकडे हे अपराधाचाही आग्रह करताहेत.

पोलिसाने पेन उघडलं. “बरं, मग तुमची लिहितो.”

नुसरत-आगांचा रंग उतरला. “म्हणजे... तसं नाही, साहेब. आपलं बोलायची पद्धत असते.”

“लिहा,” तरलान म्हणाली. “यांची लिहा. आणि यांचीही लिहा. दोघं थांबले होते. काही बिघडलं नव्हतं. एकमेकांना आधी जा म्हणत होते.”

“तरलान, मोठ्यांसमोर...” खानुम म्हणाल्या.

“मामान, मोठे आहेत म्हणूनच मोठ्याने सांगतेय.”

पोलिसाने लिहिलं. वऱ्हाड हळूहळू पांगलं. आम्ही हॉस्पिटलला जायचं ठरलं, यदुल्लाच्या घरचं कोणी पोचेपर्यंत तिथे थांबायला. नुसरत-आगा गाडीशी आले. त्यांनी किल्ली तरलानपुढे धरली.

“तूच चालव, तरलान-जान.”

आता तिने काय म्हणायचं असतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नाही बाबा, तुम्ही असताना मी कशी? मग ते आणखी एकदा म्हणणार, ती पुन्हा नको म्हणणार, आणि शेवटी स्टिअरिंगमागे तेच बसणार.

तरलानने किल्ली घेतली.

त्यांचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा. खानुम पुटपुटल्या, “अगं, निदान दोनदा तरी नको म्हणावं.”

“का?” तरलान म्हणाली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

तेव्हापासून गाडी तीच चालवते. मला मधोमध तडा आहे, एका गाडीच्या दोन दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, बदला हिला. पुढच्या आठवड्यात बदलतीलही. जायच्या आधी एवढंच मागते, माझ्या जागी येणारीला मिटू नका. आणि अदब दाखवायचीच असेल तर मागून येणाऱ्याला दाखवा, ज्याला तुमचं नाव माहीत नाही, नातं माहीत नाही. यदुल्लाने तेच केलं होतं. त्याचा पाय गुडघ्याखालून कापला.