बारकीची बस आणि आईची चिमूट

या, असे जवळ सरका. घसा खाकरायचा असेल तर आत्ताच खाकरून घ्या, मध्ये नको. एका जिद्दी लेकीची गोष्ट सांगतो.

तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट, आणि अंगातलं मीठ घामावाटे निघून जायचं. अंगावर मांस धरेना, म्हणून नाव पडलं बारकी. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, हिला मीठ जास्त द्या. तेव्हापासून शिवणकाम करणारी तिची आई प्रत्येक घासावर चिमूट सोडायची.

मग नव्या गोळ्या आल्या. देवाची कृपा, आणि त्या शोधण्यासाठी डोळे शिणवणाऱ्यांचीही. कफ सैल झाला, गाल भरले. बारकीने जाहीर केलं, "मी बस चालवणार!"

शिकली, परवाना काढला. पण नोकरीच्या तपासणीत रक्तदाब जास्त निघाला. साहेब म्हणाले, "महिन्याने पुन्हा बघू. तेव्हाही असाच असला, तर जागा दुसऱ्याला."

डॉक्टरबाई आता फोनच्या पडद्यावरच भेटत. बारकी घरीच श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायची, आकडा त्यांना तिकडे दिसायचा.

"छाती उत्तम. मीठ किती खातेस?"

"खात नाही हो, आई पेरते."

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत!" आई उसळली.

"तेव्हा बरोबरच होतं. आता गोळ्यांमुळे घामातून तेवढं मीठ जात नाही. त्यात या गोळ्यांनी कधीकधी दाबही चढतो. हात आवरा."

दुसऱ्या दिवशी ताट वाढताना आईचा हात आपसूक बरणीत गेला. बारकीने मनगट धरलं.

"आई!"

"अगं, एवढीशी तर आहे."

"तुझ्या एवढ्याशात माझी अख्खी बस बुडेल."

"मीठ कमी पडून भर उन्हात कोसळली होतीस तू. मी पाहिलंय ते!"

"आणि मी कोसळले होते. मला भीती वाटत नसेल? पण मला ही नोकरी हवी आहे, आई."

आई तडक उठली. बरणी उचलून शेजारणीकडे ठेवून आली. "मी मागायला आले तरी देऊ नका." त्याच संध्याकाळी मागायला गेली. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काकू, चला घरी!"

बेचव जेवणाला नाकं मुरडत दोघींनी महिना काढला. दाब उतरला. साहेबांनी सही केली.

बारकीने लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला. "आणि तुमच्याकडेच उपचार घेणारा, माझ्याच आजाराचा तो सुतार? त्याचं काय?"

"त्याच्या आजाराची जात वेगळी. या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. शोध चालू आहे."

"मग थांबू नका, बाई."

बारकीची बस सुरू झाली. तो सुतार मात्र अजून रोज पहाटे उठतो, तासभर कफ काढतो, मग रंधा हातात घेतो. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा.