शीड दुमडल्याशिवाय

स्पेनमधल्या मार मेनोर या खाऱ्या सरोवराच्या काठी बोट वाळूला टेकली म्हणून माणूस पोचला, असं कुणी मानत नाही. शीड दुमडून, दोरीने बांधून झालं की मग पोचला. शाळेतल्या अन्सेल्माबाई सांगत, की पोचण्याला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे, येगार, तो लॅटिनमधल्या घडी घालण्यातूनच आला. जुन्या खलाशांनी शीड दुमडलं की ते पोचले. इंग्रजांनी त्याच मुळातून 'रिप्लाय' काढला आणि 'कॉम्प्लिकेटेड'ही काढला. म्हाताऱ्या हिनेसला हे लगेच पटलं. ज्यांना घडी नीट घालता येत नाही त्यांच्या हातून दुसरं काय निघणार, असं तो म्हणे.

गावच्या जत्रेतल्या बोटींच्या शर्यतीचा नियमही तोच. ज्याचं शीड आधी बांधून होईल त्याच्यासाठी बाई घंटा वाजवणार, आणि खलाशांची राखण करणाऱ्या कारमेनमातेची मूर्ती त्याच्या बोटीतून मिरवणार. हिनेसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. पुढच्या वर्षी त्याच्या हाती सुकाणू कुणी देणार नव्हतं. मातेला पाण्यावर न्यायचं तर याच वर्षी.

त्या दिवशी वारा असा, की गावातल्या कोंबड्यांची अंडी पलीकडच्या गावात सापडली. हिनेसची बोट सगळ्यांच्या पुढे येऊन वाळूला टेकली, आणि दोर वर कप्पीत अडकला. शीड काही खाली येईना. मागून दुसऱ्या बोटीतून इलारियो आला, शीड उतरवून ढेरी सावरत बसला आणि सावकाश घडी घालू लागला.

"हिनेस, लेका, दिसतोयस तर इथंच," तो म्हणाला. "पोचणार कधी?"

उथळ पाण्यात उतरून हिनेसने बोटीला खांदा लावला आणि तिला सरळ आडवी पाडली. डोलकाठी वाळूवर आली तसं शीड हाताशी आलं. त्याने ते दुमडलं, बांधलं. इलारियोची शेवटची गाठ राहिली होती तोवर घंटा वाजली.

मान मिळाला, पण बोटीची फळी फुटली. फुटक्या बोटीत मातेला कोण बसवणार? इलारियोने मान खाजवली. मग म्हणाला, बोट माझी घे, सुकाणू तू धर, शिडाचं मी बघतो.

मिरवणूक फिरून काठाजवळ आली. बायका मासेभाताचा हंडा घेऊन थांबल्या होत्या. इलारियो शीड उतरवायला उठला, तर हिनेसने बोट परत खोल पाण्याकडे वळवली.

"अरे, भात गार होतोय. आलो ना आपण."

"शीड दुमडलंय का?" हिनेस म्हणाला. "मग बस खाली."

इलारियो बसला.